गोळी लपवू नका



आम्ही लातूरच्या दाल मिलमधले कामगार, डॉक्टर नव्हे. पण वस्तीत फिरताना जे दिसते ते बोलतो. तरण्या पोरीला मिरगी असली की आईबाप सोयरीक जुळवताना लपवतात. सासरी कळंल या भीतीने पोरगी गोळीच सोडते, अन् फिट जोरात उलटते. नेमाने गोळी घेतली तर दहातल्या सातजणांची फिट थांबू शकते, हे कुणी सांगत नाही. कांदा अन् चप्पल मात्र लगेच हुंगवतात!

कायदाही ऐका. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात मिरगीचे वारंवार झटके लग्नाच्या आड आणले होते. १९९९ साली ती अट काढली. मग आपणच ती घरात का पाळायची? शिवाय काही गोळ्या दिवस जाण्याआधीच डॉक्टरांनी बदलाव्या लागतात. लपवलेली गोळी बदलणार कोण?

पाहुण्यांसमोर गोळ्यांचं पाकीट ठेवा, असं आम्ही दोन घरी सांगितलं. एक सोयरीक मोडली. दुसरी जमली, ती सून आज सासूदेखत गोळी घेते.