रुंद टायरांची भूल
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या मोटारींचे वैभव'. वैभवावर मला फारसं बोलता येत नाही, हे मी संयोजकांना फोनवरच सांगितलं होतं. माझी सगळी नोकरी सस्पेन्शन विभागात गेली, म्हणजे मोटारीच्या पोटाखाली. (हशा) तेव्हा आज एवढंच बोलेन : जुनी स्पोर्ट्स कार वळणावर नीट वागावी, रस्ता धरून राहावी, म्हणून काय करावं आणि काय करू नये. काय करू नये ते आधी सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपली तरी एवढं तरी पदरात पडेल. रुंद टायर लावू नयेत.

मागून कोणीतरी 'छे!' म्हणालं. चालायचंच. बाहेर पार्किंगमध्ये मडगार्डच्या बाहेर आलेली चार चाकं पाहिली, ती त्यांचीच दिसतात. (हशा)

उदाहरण एमजीबीचं घेऊ. या सभागृहात तिची ओळख करून द्यायची म्हणजे तुमचा अपमान, म्हणून भराभर पुढे जातो. १९६२ साली इंग्लंडात आली, ॲबिंग्डनला बनली, १९८० मध्ये बंद झाली, तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. १७९८ सीसीचं इंजिन, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. चाकं १४ इंची आणि टायर असे सडपातळ, की आजची साधी हॅचबॅकही त्यांच्याकडे बघून हसेल.

आता १९७४ साल बघा. अमेरिकेत बंपरच्या उंचीचे आणि मजबुतीचे नियम आले. कारखान्याने काय केलं, तर गाडी दीडेक इंच उचलली, पुढेमागे काळे रबरी बंपर बसवले आणि उघड्या टपाच्या गाडीचा पुढचा अँटीरोल बार, म्हणजे वळणावरचं कलणं आवरणारी दांडी, काढून टाकला. वर उचललेली, बार नसलेली गाडी वळणावर भरपूर कलायला लागली. कलताना मागच्या पाट्यांचा कोन बदलायचा आणि ॲक्सल थोडा तिरपा व्हायचा. म्हणजे ड्रायव्हर पुढची चाकं वळवतोय आणि मागची चाकं आपल्या मनाने वळताहेत! ओरड झाली. मग १९७७ च्या मॉडेलला कारखान्याने पुढे आणि मागे दोन्हीकडे बार दिले. गाडी बनवणाऱ्यांनी स्वतःचं औषध शोधलं ते बारमध्ये, टायरच्या रुंदीत नाही. एवढा पुरावा मला पुरतो. तुम्हाला पुरत नसेल तर पुढे बोलतो.

एसटीत उभं राहून घाट उतरला असाल, तर वळणावर सगळं वजन बाहेरच्या पायावर येतं, हे ठाऊकच आहे. मोटारीचंही तसंच. गंमत अशी, की टायरवरचं वजन दुप्पट झालं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून बाहेरचा टायर जेवढं कमावतो, त्यापेक्षा आतला जास्त गमावतो. सगळं सस्पेन्शनशास्त्र म्हणजे हा तोटा पुढे किती सोसायचा आणि मागे किती, याची वाटणी. पुढे जाड बार लावा, तर पुढची पकड आधी सुटते. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी नाकासमोर जात राहते. मागे जाड बार लावा, तर आधी शेपूट सुटतं. ही वाटणी कारखान्याने एका ठराविक टायरवर बसवलेली असते. तुम्ही टायर बदललात की हिशोब मोडला.

रुंद टायरने जास्त रबर रस्त्याला लागतं, असं आपल्याला वाटतं. पण रस्त्यावर पडणारा ठसा केवढा, हे मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवते. तेवढ्याच वजनात, तेवढ्याच हवेत टायर रुंद केला, तर ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखडतो. कोरड्या ट्रॅकवर पकड थोडी वाढते, नाही म्हणत नाही. पण स्टिअरिंग जड होतं, चाक बाहेर आल्यामुळे बेअरिंगवर ताण येतो, पावसात पाण्यावर तरंगायला गाडी लवकर तयार होते. आणि मुख्य म्हणजे, सुटायची वेळ आली की ती सांगून सुटत नाही. बारीक टायर आधी कुरकुरतो, घसरतो, सावध करतो. जुनी स्पोर्ट्स कार चालवायची मजा या कुरकुरीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

हवेचा विषय निघालाच आहे, तर कोर्वेअर सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शेवरोलेची ही १९६० ची गाडी. इंजिन मागे, मागचे ॲक्सल मधल्या सांध्यातून वरखाली झुलणारे. जोरात वळवली की मागचं बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायला बघायचं. कंपनीला हे माहीत होतं. इलाज काय केला? हवा! पुढे १५, मागे २६. हे आकडे पाळले तर गाडी सभ्य वागायची. पण पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखी हवा भरणार, हे जगातल्या कोणत्याही पंपावर खरं. (हशा) पुढे १९६५ साली राल्फ नेडर या अमेरिकी वकिलाचं मोटारींच्या सुरक्षिततेवरचं पुस्तक आलं, त्याचं पहिलंच प्रकरण कोर्वेअरवर. जनरल मोटर्सने या माणसामागे खासगी हेर लावले. हे उघडकीला आलं, आणि १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीच्या अध्यक्षांना, जेम्स रोश यांना, सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. नेडरने कंपनीवर दावा लावला, १९७० मध्ये सव्वाचार लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि तो पैसा... असो. अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघताहेत. (हशा) गंमत पुढेच आहे. १९६४ च्याच गाडीला कंपनीने पुढे अँटीरोल बार आणि मागे आडवा पाटा दिला होता, ६५ ला मागचं सस्पेन्शन संपूर्ण नवं केलं होतं. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा रोग बरा झालेला. आणि १९७२ साली सरकारी चाचण्यांचा अहवाल आला, की जुनी कोर्वेअरसुद्धा त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती.

हे सगळं कशासाठी? हवेसाठी! पुढे किती, मागे किती, हे पुस्तिकेत बघा आणि थंड टायरवर भरा. फुकटातली सुधारणा आहे ही.

चिठ्ठी आली आहे : 'दहा मिनिटे.' दुसरी चिठ्ठी : 'गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मलाही हे लागू आहे का?' हवेचं आणि रबराचं अगदी तसंच लागू. ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी नंतर मला जरूर भेटावं, मला बघायची आहे.

आता रबर, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश. माझा एक मित्र तरुणपणी बर्मिंगहॅमला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्याकडे रबरी बंपरवाली एमजीबी. वळणावर डोलते म्हणून त्याने रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिम घातल्या. मग गाडी रस्त्यातली प्रत्येक चर हुंगत चालायला लागली, आणि पावसात एका चौकातल्या गोल रस्त्यावर शेपटाने पूर्ण फिरली. कोणाला लागलं नाही. गाडी वर उचलून बघितली, तर पुढच्या लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर कमी आणि पोकळी जास्त. शॉकअप त्या गाडीला जुन्या पद्धतीचे, दांड्याचे, आत तेल असणारे. तेल कधीच आटलेलं. बुश नवे घातले, मजबूत लोखंडी कवचाचे, एमजीबी व्ही-८ ला येतात तसे. शॉकअपमध्ये तेल, किंगपिनला ग्रीस, पुढे-मागे योग्य बार, टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचं तोंड आत, सुमारे दोन मिलिमीटर, आणि परत १६५ चे टायर. बस.

फिटरकडे उभं राहून एक गोष्ट मात्र बघा. रबरी बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर, मग आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणाऱ्यांबद्दल बोलायचं होतं... नाही, संयोजक उभेच राहिले. (हशा)

तुमच्याशी भांडायचं नाही, मागच्या रांगेतल्या मित्रांनो. रुंद टायर लावाल तर लावा, पण बुश, शॉकअप, अलाइनमेंट आणि हवा ही चार कामं झाल्यावर, त्याच वळणावर, त्याच वेगाने गाडी चालवून बघा आणि मगच पैसे खर्च करा. आणि आज घरी जाण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ असेल, तर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. दहा वर्षांपलीकडचा निघाला, तर नक्षी कितीही शाबूत दिसो, तो बदला. जुन्या मोटारी कमी चालतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पार्किंगमध्ये मी थांबलो आहे. ज्यांना आकडे दिसणार नाहीत, त्यांना वाचून दाखवेन.