कुंडीतला वाटाणा
१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनमध्ये कॅमेरा विकत घेऊन भारतात परतले, पण चित्रपटासाठी पैसे नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप बघता बघता वाढलं! ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला. वाटाण्यासाठी नट लागले नाहीत, सेटही नाही. लागली ती पाहण्याची चिकाटी.

लघुपट करताना तुम्हीही एकच जागा निवडा. तिथला सकाळचा, तिन्हीसांजेचा उजेड न्याहाळा, चौकटी कागदावर काढा, मगच मोबाइल उचला. अंधुक दृश्य प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही तर त्याचं लक्ष उडतं. म्हणून असतील त्या पैशांत आधी चांगला माइक भाड्याने आणा.