काच वर केली की…

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला 'पंचवीस वर्षांच्या आठवणी' असा विषय दिला होता. पण पाण्याचे टँकर आणि बंद लिफ्ट आधीच्या वक्त्यांनी संपवले. म्हणून मी गाडीबद्दल बोलतो. घाबरू नका, पार्किंगच्या वाटपाबद्दल नाही!

आपण मुलुंडला राहायला आलो तेव्हा कंपाउंडमध्ये मोजून सहा गाड्या होत्या. बाकी सगळे लोकलवाले. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. अर्धाच टेकतो, पण बसतो. 'जरा सरकता का?' एवढंच म्हणावं लागतं. भांडणं होतात, नाही असं नाही. पण समोरच्याचा चेहरा दिसत असतो. तोही घामाघूम, आपणही घामाघूम. कुणाला चक्कर आली तर आजूबाजूचे सगळे पाण्याच्या बाटल्या काढतात.

पुढे माझं ऑफिस अंधेरीला गेलं, मी गाडी घेतली आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड रोजचा झाला. वर्षभरात माझ्या, म्हणजे खरं तर बायकोच्या, लक्षात आलं की मी वेगळंच बोलायला लागलोय. 'ती रिक्षा मधे आली', 'हा टेम्पो मूर्ख आहे'. आतला माणूस वाक्यातून गायबच! डिस्नेचं १९५० सालचं 'मोटर मेनिया' नावाचं कार्टून आहे. त्यातला गूफी पायी चालताना अगदी सज्जन, स्टिअरिंग हातात आलं की राक्षस. म्हणजे आजार जुना आहे.

गाडीत बोलायला एकच शब्द उरतो, हॉर्न. विनंतीलाही तोच आणि शिवीलाही तोच. २०१९ च्या अखेरीस मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र जोडलं होतं. ८५ डेसिबलच्या वर गेलात की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर मीच टाकला होता, हसत हसत.

त्यानंतरची एक पावसाळी संध्याकाळ. आपल्या गेटसमोर एक रिक्षा उभी, मी मागे. रिक्षावाला उतरून कुणाला तरी हात देत होता. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गडबडीत त्या बाईंची पिशवी पडली, बटाटे रस्त्यावर. तेव्हा दिसलं, त्या बी विंगच्या काकू. आम्ही दोघं कामावर असताना चार वर्षं माझ्या मुलीला शाळेतून आल्यावर जेवायला वाढणाऱ्या.

मी काच खाली केली नाही. बटाटे रिक्षावाल्यानेच गोळा केले, आणि वर मलाच 'थांबा हं' असा हात केला. दुसऱ्या दिवशी काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "काल कोण होता मेला, केवढा हॉर्न वाजवत होता!" मी म्हटलं, "असतात असे लोक."

काकू आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. काकू, तो मी होतो. आणि खरं सांगू? तिथे दुसऱ्या कुणी आजी असत्या, तर मी ती संध्याकाळ रात्रीपर्यंत विसरलो असतो. याचीच मला जास्त लाज वाटते.

गेटच्या आत डावीकडे रिक्षा थांबण्यापुरती जागा मोकळी ठेवावी, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे. त्यात माझ्याच स्कूटरची जागा जाते. चालेल.