वर घाम, खाली शाल: घराचं झोनिंग आणि टॅक्स क्रेडिटचा हिशोब

आजचा भाग अमेरिकेत घर घेतलेल्या, किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी.

न्यू जर्सीतलं नेहमीचं दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. थर्मोस्टॅट एकच, तोही खालच्या मजल्यावर. जुलैमध्ये खाली गार झालं की एसी थांबतो, वर बेडरूममध्ये मात्र घामाच्या धारा. मग आपण तापमान अजून कमी करतो. खाली शाल घेऊन बसायचं, वर घाम पुसायचा आणि बिल भरायचं ते वेगळंच!

झोनिंग म्हणजे घराचे भाग पाडायचे. प्रत्येक भागाला स्वतःचा थर्मोस्टॅट आणि डक्टमध्ये मोटरने उघडझाप करणाऱ्या झडपा, म्हणजे डॅम्पर. जिथे गरज, तिथेच हवा. पण एक मेख आहे. मशीन एकाच वेगाने चालणारं आणि उघडा झोन छोटा असेल, तर सगळी हवा त्या एवढ्याशा वाटेने जाते. डक्टमधला दाब वाढतो, आवाज येतो, मशीनवर ताण पडतो. म्हणून झोनिंगला वेग कमी-जास्त करणारं मशीन बरं. कंत्राटदाराला पहिला प्रश्न हाच विचारा.

आता पैशांचं बोलू. केंद्र सरकारचं 25सी क्रेडिट 2023 पासून पात्र हीट पंपाला खर्चाच्या 30 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 2,000 डॉलर मिळायचं. पात्र सेंट्रल एसीला मर्यादा 600 डॉलर. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्याने ते 31 डिसेंबर 2025 ला संपवलं. आणि तारीख धरतात ती मशीन बसून तयार झाल्याची, पैसे दिल्याची नाही. डिसेंबरात पैसे भरले, जानेवारीत मशीन बसलं, तर क्रेडिट शून्य.

त्याआधी बसवलं असेल तर फॉर्म 5695 भरा. 2025 च्या मशीनसाठी उत्पादकाचा चार अक्षरी कोडही लागतो. 2024 चं राहून गेलं असेल, तर सुधारित रिटर्न भरता येतं. साधारणपणे मूळ रिटर्नपासून तीन वर्षांत. फक्त हे क्रेडिट तुमच्या कराएवढंच मिळतं, उरलेलं पुढच्या वर्षी नेता येत नाही.

त्यामुळे 2026 मध्ये कुणी "तीस टक्के टॅक्समधून परत मिळतील" म्हणत कोटेशन पुढे केलं, तर ती रक्कम हिशोबातून सरळ काढून टाका. राज्याची किंवा वीज कंपनीची सवलत आहे का, ते स्वतः तपासा. आणि आधी डक्टची गळती, माळ्यावरचं इन्सुलेशन बघून घ्या. फुटक्या माठात पाणी भरून काय उपयोग?

घर घेणाऱ्या मित्राला हा भाग पाठवा.