हाडे, सांधे आणि आपले खेळ



ट्रस्टच्या ज्युबिलीनिमित्त पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींतून आलेल्या मुलांची कबड्डी व मुलींचा खो-खो आपण पाहिला. टाळ्या खेळाडूंना मिळाल्या, हे योग्यच झाले. परंतु ज्यांच्या आधाराने हा सारा खेळ होतो त्या हाडांची व सांध्यांची आठवण पाय मोडल्यावरच होते. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे बोलावे असे आम्ही ठरविले.

प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात. त्यांपैकी 106 हाडे दोन हातांचे पंजे आणि दोन पावले एवढ्यांतच आहेत. एकेका पावलात 26 हाडे असून ती कमानीसारखी रचलेली आहेत. धावताना पाऊल टेकले की कमान किंचित पसरते, उचलले की पूर्ववत होते. ते एकच अखंड हाड असते तर प्रत्येक उडीचा हादरा थेट कण्यापर्यंत पोचला असता.

हाड आपण होऊन हलत नाही. स्नायू त्यास ओढतो. आणि स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून बैलाला जसे दोन कासरे, तसे सांध्याला दोन बाजूंनी स्नायू. दंडाच्या पुढच्या स्नायूने हात कोपरात वाकतो, मागच्याने सरळ होतो. एक ओढत असता दुसऱ्याने सैल सोडावे लागते. नवशिक्याचे अंग ताठरते ते यामुळेच. त्याचे दोन्ही कासरे एकदम ओढले जातात.

सांध्यांचे प्रकार मुले पुस्तकात पाठ करतात, पण मैदानावर ते डोळ्यांना दिसतात. खांदा व खुबा हे उखळीचे सांधे. खुब्याची उखळ खोल, म्हणून तो भक्कम. खांद्याची उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो, पण निखळतोही लवकर. कोपर व गुडघा हे बिजागरीचे. मान वळते ती वरच्या दोन मणक्यांमधील खिळीच्या सांध्यावर. चढाई करणारा गडी ज्या तऱ्हेने दोन्ही कोपऱ्यांवर नजर ठेवतो, ती या खिळीचीच करामत.

खो-खोत पाटीवर बसलेल्या मुलीकडे पाहा. खुबा, गुडघा, घोटा हे तिन्ही सांधे दुमडलेले असतात. ‘खो’ मिळताच तिन्ही एकदम उघडतात व ती पुढे झेपावते. पंगतीत मांडी घालून बसणाऱ्या, नमाजात गुडघे दुमडून बसणाऱ्या आपल्या घरांत ही घडी लहानपणीच अंगवळणी पडते. सांध्यातील गुळगुळीत कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दाबला-सुटला, की आतील वंगणासारख्या रसातून तिला पोषण मिळते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

हे खेळ आता गल्लीतले राहिले नाहीत. 1936 साली आपल्यापासून फार दूर नसलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखविले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला दोन्ही विजेतेपदे भारताने मिळविली.

आता दुखापतीकडे वळू. बिजागरी एका दिशेने उघडते. आडवी पिळली की तुटते. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले दोन अस्थिबंध आहेत. चढाईवाल्याचे पाऊल जमिनीत रोवलेले असता कोणी त्याचा घोटा धरला आणि त्याने धड वळवून सुटू पाहिले, तर सारा पीळ त्यांवर येतो. हाडाचेही तसेच. उभा दाब ते पुष्कळ सोसते, आडवा घाव सोसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. गोटा हा आडवाच लागतो, हे पांढुर्ण्यात कोणाला सांगायला नको.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट निराळी आहे, आणि ती पालकांनी नीट ऐकावी. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. हाड तेथूनच लांब होते. हा थर सांध्याच्या अस्थिबंधापेक्षा कच्चा असतो. मोठ्या माणसाचा पाय जेथे नुसता मुरगळतो, तेथे मुलाच्या हाडाचा हा थर सरकलेला असू शकतो. वरून सूज सारखीच दिसते. आपण काय करतो? ‘लचक भरली’ म्हणून तेल लावून चोळतो, झटका देऊन ‘बसवून’ घेतो. आत हाड मोडलेले असेल तर चोळल्याने ते अधिक सरकते, आणि हा थर बिघडला तर हाड वाकडे किंवा आखूड वाढते. हाडवैदाच्या हाताला कित्येक पिढ्यांचा सराव असेल, पण त्या हाताला आतले दिसत नाही, एक्स-रेला दिसते. सुजलेला सांधा आहे त्या स्थितीत फळीने बांधावा, फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवावा, आणि मुलाला दवाखान्यात न्यावे.

मुलींविषयीही बोलणे भाग आहे. हाडांची जमा होते ती बहुतांशी विसाव्या वर्षापर्यंत. पुढे आयुष्यभर खर्चच असतो, आणि उतारवयात बायकांचा तो अधिक. जमा वाढते ती पळण्या-उडण्याने, दुधा-डाळीने आणि उन्हाने. हाडाची वीण ज्या तंतूंची असते त्यांना क जीवनसत्त्व लागते. ते आपल्या संत्र्यांत भरपूर आहे, नागपूरला गाड्या भरून पाठविण्यापूर्वी थोडी घरात ठेवावीत. पण ऊन आणि उडी बाजारात मिळत नाही. बारावे वर्ष लागले की पोरीला मैदानातून उठवून घरात बसविण्याची रीत आमच्या समाजात आहे, इतरांतही आहे. पडदा पाळूनही मैदान राखता येते. शाळेच्या आवारात, बाईंच्या देखरेखीखाली खो-खो खेळता येतो. आजच्या सामन्यात ते आपण पाहिलेच.

विश्वस्तांकडे आमची मागणी लहान आहे. हंगामापूर्वी मैदान नांगरून, खडे वेचून माती भुसभुशीत करावी. आणि मैदानाशेजारी एक पेटी असावी: चार फळ्या, रुंद पट्ट्या, कापूस, स्वच्छ फडकी. तिला आज दिलेल्या एका ढालीपेक्षा जास्त खर्च येणार नाही. फळी कशी बांधावी हे शाळेतील मोठ्या मुलामुलींना शिकविण्याचे काम आम्ही शिक्षक घेतो.