एकीला येतं ते सगळ्यांना यावं

मी वळ गावातून बोलतेय. आमच्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी बघते. भाताची लावणी उरकल्यावर जरा उसंत मिळाली, तेव्हा डॉ. विजय भटकर यांचं चरित्र वाचलं. वाचता वाचता मला माझीच एक चूक सापडली. तीच आज सांगते.

भटकर सर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, जन्म १९४६ चा. ऐंशीच्या दशकात आपल्या देशाला महासंगणक हवा होता, म्हणजे हवामानाच्या अंदाजासारखी अवघड गणितं झटपट करणारा मोठा कॉम्प्युटर. हवा तेवढा ताकदवान संगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली, सर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

तो कसा चालायचा? त्यात एकच मोठा मेंदू नव्हता. पुष्कळ छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. एका गणिताचे तुकडे करून ते एकाच वेळी सोडवायचे. आपल्याकडे हळदीला नाही का, शेकडो तांदळाच्या भाकऱ्या लागतात! एकटी बाई करायला बसली तर रात्र सरेल. पाच चुली पेटल्या, दहा जणी बसल्या, की बघता बघता टोपली भरते. तसंच ते.

हे वाचलं आणि मला माझे दिवस आठवले. बी.ए.ला असताना मी भिवंडीला एमएस-सीआयटीच्या क्लासला जायचे. पहिल्या दिवशी माऊसला हात लावायची भीती वाटली. चुकीचं बटण दाबलं, मशीन जळलं, तर बाबांना भरून द्यावं लागेल, असं वाटायचं. पुढे स्क्रीनवर माझं नाव मराठीत उमटलं तेव्हा भीती पळाली.

गटाला लॅपटॉप मिळाला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "ताई, तूच कर, आम्हाला नाही जमत." मलाही बरं वाटलं. वहीत लिहिणं बंद केलं आणि सगळा हिशोब लॅपटॉपवर ठेवला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला टायफॉइड झाला, बारा दिवस दवाखान्यात होते. त्याच आठवड्यात गटातल्या एका वहिनीला मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. गटाच्या खात्यात पैसे होते. पण कुणाचं कर्ज किती, शिल्लक किती, हे लॅपटॉपमधून कुणालाच काढता येईना. शेवटी वहिनीने कानातलं गहाण ठेवलं. मला कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

पैसे सगळ्यांचे होते, हिशोब मात्र माझ्या एकटीच्या हातात होता. मी गटाचा एकच मोठा मेंदू होऊन बसले होते.

मी बरी झाल्यावर वही पुन्हा सुरू केली, पण लॅपटॉपला मीच बसायचे. पुस्तक वाचल्यावर तेही बदललं. आता दर बैठकीत एक जण नोंद टाकते, दुसरी वहीशी ताडून बघते. गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या आमच्या एका काकू तिथे रोज स्कॅनर चालवतात. त्या सगळ्यांत लवकर शिकल्या! एकीने एक शून्य जास्त टाकलं, आम्ही हसलो, दुरुस्त केलं. मशीन काही जळलं नाही.

तुमच्या गटात हिशोब किती जणींना काढता येतो? एकीलाच येत असेल, तर पुढच्या बैठकीत दुसरीला तिच्या शेजारी बसवा. नोंदी करणं सगळ्यांनी शिकावं. आपल्या खात्याचा पिन आणि ओटीपी मात्र कुणालाच सांगू नये, मलासुद्धा नाही.

आणि हो, वहिनीचं कानातलं सुटलं बरं का. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.