आधी साहेबांच्या डोक्यावर हेल्मेट
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



१५ सप्टेंबर हा सर विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, म्हणजेच अभियंता दिन. पुण्याजवळ खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे आणि पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले विश्वेश्वरय्या आपल्या दोन्ही राज्यांचे. त्यांचे स्मरण करून आज बांधकामावरच्या सुरक्षिततेविषयी थोडे बोलतो.

आपल्या बेंगळुरूत १० जानेवारी २०२३ रोजी नागवाराजवळ मेट्रोच्या खांबासाठी उभारलेला सळ्यांचा सांगाडा रस्त्यावर कोसळला. दुचाकीवरून जाणारी आई आणि तिचे लहान मूल त्यात गेले. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी बाबूसापाळ्यात बांधकाम चालू असलेली इमारत पडली आणि तिथले मजूर ढिगाऱ्याखाली सापडले. साइटवरचा हलगर्जीपणा मजुराचा जीव घेतो, आणि कधी रस्त्यावरून जाणाऱ्याचाही.

कायदा नाही असे नाही. बांधकाम कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९९६ चा केंद्रीय कायदा होता. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा समिती हवी, असे तो सांगत असे. पण मजूर कायदा वाचत नाही, तो साहेबांकडे बघतो. रायचूरहून किंवा बिहारमधून आलेल्या माणसाला गेटवरची पाटी वाचता येईलच असे नाही. साहेबांचे उघडे डोके मात्र त्याला लांबूनही दिसते. "दोन मिनिटांचेच काम आहे" म्हणत साहेब हेल्मेटशिवाय स्लॅबवर चढले, की मुकादम तेच करतो, मुकादमाचे बघून मिस्त्री आणि मिस्त्रीचे बघून बिगारी. दंड लावून हे सुटत नाही.

म्हणून साहेबांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, गेटमधून आत पाऊल टाकण्याआधी हेल्मेट आणि बूट घालावेत. सोबतच्या पाहुण्यांनाही सूट नको. दुसरी, परांचीवर माणसे चढवण्यापूर्वी तिचे बांध आणि फळ्या जातीने तपासाव्यात. तिसरी सर्वांत अवघड. एखादा बिगारी "साहेब, टेकू हलतोय" म्हणाला तर काम तिथेच थांबवावे, सगळ्यांसमोर त्याला शाबासकी द्यावी आणि "उशिराचे उत्तर मी देईन" असे सांगावे. हे एकदा घडले की पुढच्या वेळी दहाजण बोलतात.

कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. १२ जुलै २००९ रोजी तिथे जमरूदपूरला पूल कोसळून सहाजण दगावले. ठेकेदाराकडे बोट न दाखवता श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही आणि ते कामावर परतले. पण जबाबदारी वरून सुरू होते, हे सगळ्या साइटला कळले.

आपला मंडपही एक साइटच आहे. बांबूवर चढणारा आणि लाइटिंगची वायर ओढणारा कामगार कुणाचा तरी कर्ता मुलगा आहे. पुढच्या वर्षी मंडप उभारताना कार्यकारिणीने आधी स्वतः हेल्मेट घालावे आणि मग त्याच्या हातात द्यावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!